कोंबड्यांनी खाल्लेला ऑगस्ट

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी टेम्पोचा फाळका उघडा होता आणि त्यावर तिचा एक पाय होता. आत बटाट्यांची बारा पोती रचून झाली होती. खानावळवाला एकेक खिसा चाचपत होता आणि प्रत्येक खिशाशी थोडं जास्त आश्चर्य दाखवत होता.

"ताई, पाय काढा आता. उद्या देतो. उद्याही मीच येणार आहे ना?"

"मग बटाटेही उद्याच न्या."

"अहो, बारा पोती चढवलीत!"

"चढवायला लागला तेवढाच वेळ उतरवायला लागतो. अहो, जरा या इकडे," तिनं नवऱ्याला हाक मारली.

नवरा खांद्यावरचं फडकं सारखं करत दोन पावलं पुढे आला. तेवढ्यानंच खानावळवाल्याला सीटखालच्या पिशवीची आठवण झाली. त्यानं नोटा मोजून दिल्या, तिनं पुन्हा मोजल्या आणि मगच फाळक्यावरचा पाय काढला.

"रोखबाई ती रोखबाईच," टेम्पो सुरू करता करता तो म्हणाला. हे नाव त्यानंच ठेवलं होतं, चार वर्षांपूर्वी, चिडून. पुढे ते सगळीकडे झालं. बँकेतला शिपाईही तिला त्याच नावानं ओळखतो. तिला त्याचा राग नाही. लग्नाआधी ती एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. संध्याकाळी गल्ल्यात जे निघेल ते खरं, बाकी मालकाच्या गप्पा, एवढं शिक्षण तिथं झालं आणि ते तिला आजवर पुरलं आहे.

शेत एकत्र आहे. वर आप्पा, म्हणजे सासरे. त्यांचे दोन मुलगे. थोरला पिकाचं बघतो. रोखबाई त्यांना भाऊजी म्हणते. बटाटा त्यांच्या हातचा. त्यांच्याइतका उतारा आसपास कुणाचा पडत नाही, आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक आहे. त्यांची बायको, मोठी जाऊ, दूध आणि कोंबड्या सांभाळते. धाकटा, म्हणजे रोखबाईचा नवरा, यंत्रांचा माणूस. कुठलंही इंजिन तो कान लावून दुरुस्त करतो, पण त्याच्याकडे कागद आणि पैसे टिकत नाहीत. एकदा त्याचं पाकीट बटाटे काढायच्या यंत्रातून आरपार गेलं. त्यानंतर बँकेच्या खात्यावर त्याच्या जागी बायकोची सही आली. खातं भाऊजी आणि ती अशा दोघांचं. एक सही असून भागत नाही.

त्या दिवशी नेमकी तीच अडचण होती. दुपारी चारला कारखान्याचा माणूस यायचा होता.

बटाट्याचे वेफर करणारा हा कारखाना दोन वर्षांपूर्वी निघाला. त्यांना भाऊजींचा बटाटा हवा होता, सगळाच्या सगळा. भाव बाजारापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त. गाड्या त्यांच्या, पोती त्यांची. जूनमध्ये माल उचलायचा आणि पैसे माप पडल्यापासून नव्वद दिवसांनी द्यायचे. पहिल्या तुकड्यातले बटाटे आता कुठे निघत होते. मुख्य पीक निघायला तीन आठवडे होते. करार आज झाला नाही तर कारखाना दुसरं शेत बघणार होता. कागदावर भाऊजींची सही आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती. शेजारची जागा कोरी होती.

"सोन्यासारखा भाव आहे," भाऊजी सकाळच्या चहाला म्हणाले. ते हे वाक्य आठवडाभर म्हणत होते. "रोज पहाटे उठून त्या खानावळवाल्याच्या नाकदुऱ्या काढायच्या, बारा-बारा पोती विकायची, निम्मा माल कोठारात सडवायचा. किती दिवस?"

"निम्मा नाही, दहावा हिस्सा सडतो," रोखबाई म्हणाली. "तो मी धरलाय."

"धरलाय! सगळं धरून बसायचं! अगं, मोठे पैसे येतायत. सप्टेंबरअखेर आलेच समजा."

"समजले," ती म्हणाली. "आले की सांगा."

मोठी जाऊ चहाच्या कपात हसली. हा संवाद घरात इतक्या वेळा झाला होता, की पोरं तो खेळताना म्हणायची.

'आलेच समजा' हा या घरातला जुना शब्द. आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेला. दुधाचे आलेच समजा, बटाट्याचे आलेच समजा. चार वर्षांपूर्वी बटाटा असा पिकला होता, की ढिगापुढे भाऊजींचा फोटो काढून एकानं दुकानात लावला. एका व्यापाऱ्यानं सगळा माल उचलला. माणूस सज्जन होता. त्यानं शेवटच्या किलोपर्यंतचे पैसे दिले, पण ऑक्टोबरात. मधे ऑगस्ट आला. चाऱ्याचं बिल आलं, विजेचं आलं, मजुरांचा आठवडा दर आठवड्याला येतच होता. चारावाला दारात उभा राहून म्हणाला, "आलेच समजा असं मी माझ्या गाडीवाल्याला सांगू का?" त्या आठवड्यात दोन गाभण कालवडी गेल्या. नडलेल्याच्या दारात गिऱ्हाईक भाव पाडूनच येतं. वर्षाअखेरीस मांडून बघितलं तर शेत चांगलं नफ्यात होतं. कालवडी मात्र परत आल्या नाहीत. वरच्या वळणावरच्या गोठ्यात त्या आजही दूध देतात, आणि शहराकडे जाताना रोखबाईला त्या रस्त्यावरून दिसतात.

नफ्यात असलेल्या घराला कालवडी का विकाव्या लागल्या, हे तिनं तेव्हा सगळ्यांना कागदावर मांडून दाखवलं. भाऊजींनी कागदाच्या तळाचा आकडा तेवढा वाचला. आप्पांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा कपाळावर होता.

मग तिनं रंगाचे रिकामे लहान डबे गोळा केले. जुन्या चाराखोलीत भिंतीलगत एक फळी आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिच्यावर बारा डबे मांडले आणि प्रत्येकावर खडूनं महिना लिहिला. मक्याचा एक पिवळा दाणा म्हणजे पाच हजार. ज्या महिन्यात पैसे खरोखर हातात पडणार त्याच डब्यात दाणे टाकायचे. माल केव्हा गेला याला महत्त्व नाही. ज्या महिन्यात द्यायचे त्यातून काढायचे. उरले तर पुढच्या डब्यात. पुढच्या डब्यातून मागं मात्र काही आणता येत नाही, कारण येणारा महिना कुणाला उसना देत नाही.

भाऊजींनी पहिल्या दिवशी फळीसमोर उभं राहून विचारलं, "बाराच? दुष्काळात तेरावा महिना असतो म्हणतात, त्याचा डबा कुठाय?"

"तो तुम्ही आणता दर वर्षी," ती म्हणाली होती.

डब्यांची चेष्टा झाली तरी ते राहिले. आप्पांना ते आवडले. कागद न वाचणारा हा माणूस रोज सकाळी चाराखोलीत जाऊन डब्यांची झाकणं उघडून बघायचा, जसं दुसरं कुणी आकाशाकडे बघतं. "नोव्हेंबर जरा रोडावलाय, सूनबाई," असं जेवताना सांगायचा. चार वर्षांत कालवड विकली गेली नव्हती. बटाटा थोडा थोडा करून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जायचा, भाव कमी मिळायचा, पण दर महिन्याच्या डब्यात काहीतरी पडायचं.

करार आला तेव्हा रोखबाईनं वाद घातला नाही. आदल्या संध्याकाळी ती चाराखोलीत गेली आणि करार केला तर वर्ष कसं दिसेल ते दाण्यांनी मांडलं. जूनमध्ये काढणीची मजुरी जाते आणि बटाट्याचं काहीच येत नाही. जुलै कसाबसा काठावर सुटतो. पुढे ऑगस्ट. दूध आणि अंडी मिळून सव्वीस दाणे येणार होते. ते तिनं डब्यात टाकले आणि तसेच राहू दिले. काढायचे चौतीस तिला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काढायचे होते, एकेक करून. आठ दाणे कमी पडतात हे सांगून कुणाला कळणार नव्हतं. हात रिकाम्या डब्यात फिरलेला दिसायला हवा होता.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. ऑगस्टचं झाकण जागेवर नव्हतं. नवऱ्यानं त्यात नटबोल्ट ठेवले होते.

दुपारी मोठी जाऊ कोंबड्यांना बोलावून दमली. "आज या भवान्यांना भूकच नाही," ती म्हणाली. "दाणे टाकले तर बघून निघून गेल्या. कुठे जेवून आल्यात कोण जाणे."

आप्पा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "उन्हाचं होतं असं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कारखान्याचा माणूस चारला पाच मिनिटं असताना आला. चांगला होता. बूट दाराबाहेर काढून आत आला, आप्पांची चौकशी केली, गोठ्यातल्या गाईंना नावाजलं. त्याला वाटलं होतं की टेबलाशी बसून सही होईल. रोखबाई त्याला चाराखोलीत घेऊन गेली.

"इथे?" त्यानं विचारलं.

"आमचं ऑफिस आहे," भाऊजी म्हणाले. "बघा आता, आमची धाकटी भावजय तुम्हाला मका दाखवील."

खोलीत एक खिडकी आणि चाऱ्याचा वास. आप्पा स्टुलावर बसले. धाकटा दाराच्या चौकटीला टेकला. मोठी जाऊ अंड्यांची टोपली घेऊनच आली होती, म्हणाली, ऐकता ऐकता पुसते.

रोखबाईनं डबे कसे वाचायचे ते थोडक्यात सांगितलं. जून दाखवला. जुलै दाखवला. कारखान्याचा माणूस मान हलवत होता, खरंच ऐकत होता.

"आता ऑगस्ट," ती म्हणाली आणि डब्यात हात घातला. तिनं डब्याकडे बघितलं नाही. ती भाऊजींकडे बघत होती. गल्ल्यावर बसलेल्या बाईची बोटं न बघता मोजतात. "आलेले सगळे आत आहेत, दुधाचे आणि अंड्यांचे. आता देणी. चारा, नऊ." नऊ दाणे फळीवर पडले. "वीज, चार. मजुरी, आठ."

"बरोबर," भाऊजी म्हणाले.

"आता आत पाचच राहिलेत. आणि अजून कोबीचं खत आणि रोपं आहेत, दहाचं. ट्रॅक्टरचा विमा, तीनचा. आता बघा." तिनं पुन्हा हात घातला. "एक, दोन, तीन, चार, पाच."

बोटांना सहावा लागला.

ती थांबली नाही. सहा, सात, दहा. विम्याचे तीन. बोटं अजून दाण्यांतच होती. डब्याचा तळ लागेना.

 मग भाऊजी टाळी वाजवून हसले. "वा! अगं, उरतायत की! केवढे उरतायत! चार वर्षं आम्हाला ऑगस्टच्या नावानं घाबरवलंस, आणि ऑगस्ट तर भरलेला!"

"काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

"डबे तुझे, मका तुझा, मोजणारी तू. चुकलं कोण मग, मी?" ते कारखान्याच्या माणसाकडे वळले. "काढा कागद. पेन आहे का?"

कारखान्याच्या माणसाकडे दोन पेनं होती. त्यानं चांगलं पुढे केलं.

रोखबाईचे कान तापले. भर बाजारात फजिती होते तेव्हा तापतात तसे. नवरा तिच्याकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "यंत्र चुकत नाही गं. आत काय गेलंय ते बघ."

तिनं ऑगस्टचा डबा उचलला, खिडकीशी नेला आणि फळीवर उपडा केला.

तिनं टाकलेले दाणे पिवळे होते. फळीवर पसरलेले दाणे तांबूस होते. पिवळे त्यात शोधून तीन सापडले. चारा म्हणून मोजलेले नऊ, वीज म्हणून मोजलेले चार, सगळे तांबूस. असा तांबूस मका घरात एकाच जागी असतो. आप्पांच्या खोलीतल्या कोपऱ्यात, तोंड तीनदा बांधलेल्या पोत्यात. पुढच्या पेरणीचं बियाणं.

त्या पोत्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. एका वर्षी चारा इतका कमी पडला होता, की गाईंची हाडं मोजता यायची. तेव्हाही आप्पा पोत्यावर बसून राहिले होते. 'बियाणं खाणाऱ्याचं घर बसतं' हे त्यांचं वाक्य पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

"हे कुणी भरलं?" रोखबाईनं विचारलं.

मोठ्या जावेनं अंडं पुसायचं थांबवलं. भाऊजींनी बायकोकडे बघितलं, बायकोनं दिराकडे. कुणीच आप्पांकडे बघितलं नाही, त्यामुळे सगळ्यांना कळलं.

"ते," आप्पा म्हणाले आणि खोकले. "दार माझ्याकडून उघडं राहिलं. सकाळी बघायला आलो होतो. मग दुपारी आलो तर कोंबड्या आत. डबा खाली पडलेला. बाकीच्यांना झाकणं होती. ऑगस्टचंच तेवढं नव्हतं."

"कोंबड्यांनी ऑगस्ट खाल्ला?" धाकट्यानं विचारलं.

"तू त्याचं झाकण नेलं नसतंस तर खाल्ला नसता!"

मोठी जाऊ टोपली खाली ठेवून हसत सुटली. "तरीच! अख्खा महिना गिळून बसल्यात सटव्या, त्यांना भूक कुठली लागायला!" कारखान्याचा माणूसही हसला, मग हसावं की नाही हे न कळून गप्प झाला.

"आणि हे?" रोखबाईनं तांबूस दाणे तळहातावर घेऊन पुढे केले. ती हसत नव्हती.

आप्पांचा आवाज खाली आला. "परका माणूस यायचा होता. महिना रिकामा दिसला तर घराला बरं दिसत नाही. पिवळा मका लगेच सापडेना. पोतं जवळ होतं. एक मूठ टाकली." त्यांनी मूठ मिटून दाखवली. "मूठभरच. कुणाला कळणार आहे, असं वाटलं."

रोखबाईनं तळहातावरचे दाणे फळीवर परत ठेवले. मग ती भाऊजींसमोर गेली.

"कळलं का भाऊजी? असंच होतं. ऑगस्ट रिकामा असतो. घराला बरं दिसावं म्हणून कुणीतरी मूठभर टाकतं. कुणी मुद्दाम करत नाही. जे जवळ असतं त्यातून टाकतं. आणि जवळ असतं ते बियाणं. मागच्या वेळी आपण कालवडी टाकल्या. तेव्हाही महिना छान भरलेला दिसला होता. शेजाऱ्यांना तर कळलंही नाही."

"तो कोंबड्यांचा घोटाळा आहे," भाऊजी म्हणाले. पण ते टाळी वाजवायच्या बेतात नव्हते. "कराराचा त्याच्याशी काय संबंध? सप्टेंबरात डबा उतू जाईल."

"जाईल. मी कुठे नाही म्हणते? पण ऑगस्टातून चालत गेल्याशिवाय सप्टेंबर येत नाही. तुम्ही उडत जाणार असाल तर सांगा."

"दोन सोडतेस तू! किलोमागे दोन! गणित केलंस का?"

"केलंय. वीस दाणे. एक लाख. ते मिळणार नाहीत, मला माहीत आहे. तुमचा घाम आहे त्यात, तेही माहीत आहे. पण न मिळालेले वीस दाणे गोठ्यातून काही नेत नाहीत. कमी पडलेले आठ नेतात."

ती कारखान्याच्या माणसाकडे वळली. "तुमचा भाव चांगला आहे. तुम्हीही चांगले आहात. निम्मे माप पडल्या दिवशी द्या, निम्मे नव्वद दिवसांनी. आत्ता सही करते."

त्यानं खरंच प्रयत्न केला. अंगणात जाऊन फोन केला, बराच वेळ बोलला, चेहरा पाडून परत आला. "ताई, नियम सगळ्यांना एकच आहे. नव्वद दिवस. पण आमचे पैसे बुडत नाहीत हो. आजवर एकाचेही बुडाले नाहीत. तुम्ही आलेच समजा."

मोठ्या जावेनं डोळे मिटून घेतले.

"समजले," रोखबाई म्हणाली. "तर मग निम्मंच पीक न्या. निम्म्यावर मला ऑगस्ट पार करता येतो."

"सगळं नाही तर काही नाही, असं वरून आहे."

"मग काही नाही."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

भाऊजी उसळले. त्यांनी आप्पांना हाक मारली, धाकट्याला विचारलं की तुला तोंड आहे की नाही. धाकटा म्हणाला, "दादा, तुझंही बरोबर आहे." आणि थोडं थांबून, "पण सही तिची आहे."

"आप्पा, तुम्ही सांगा हिला. मोठे तुम्ही आहात."

आप्पा स्टुलावरून उठले, फळीपाशी गेले आणि सांडलेले तांबूस दाणे एकेक करून शर्टाच्या खिशात टाकायला लागले. सगळ्यांकडे त्यांची पाठ होती.

"उधारीचं पोतं सव्वा हात रितं," ते म्हणाले. "माझे वडीलही म्हणायचे हे. म्हणायचे आणि वर आलेच समजा म्हणायचे." दोन दाणे फळीच्या फटीत अडकले होते. ते त्यांनी नखानं काढले. "सत्तर वर्षं मी दुसऱ्यांना बियाण्याला हात लावू दिला नाही. आज कुणी न सांगता मीच लावला. का, तर महिना रिकामा दिसू नये. एवढ्यासाठी मी लावतो, तर तुम्ही पोरं काय नाही लावणार? मी नाही सांगणार तिला काही."

कारखान्याच्या माणसानं कागद पिशवीत घातले. बूट घालताना तो रोखबाईला म्हणाला की पुढच्या वर्षी नियम बदलला तर तो स्वतः येईल. ती म्हणाली, जरूर या, डबे इथेच असतील.

भाऊजी मात्र गाडी नजरेआड होईपर्यंत अंगणात उभे होते. मग वळून म्हणाले, "वर्षाअखेर मी विचारणार आहे, लक्षात ठेव. एका लाखाचा जाब विचारणार."

"विचारा. ऑगस्टातही विचारा."

"डब्यांत मका टाकून शेती होत नाही."

"नाही होत. शेती तुम्ही करता. मी ती ऑगस्टात विकली जाणार नाही एवढं बघते."

भाऊजी फाटक लावायला गेले. संध्याकाळी तिच्याशी बोललेच नाहीत, जेवतानाही मीठ बायकोकडून मागवून घेतलं. रोखबाईनं ते मनावर घेतलं नाही. लाख सोडलेल्या माणसाला एक संध्याकाळ रुसायचा हक्क असतो, असं तिनं जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, "एक? मी धरून चाललेय महिनाभर. कुठल्या डब्यात टाकू?"

उजेड होता तोवर आप्पा ओट्यावर ताट घेऊन बसले. ताटात चाराखोलीतला झाडून आणलेला केर होता. त्यातून त्यांनी राहिलेला तांबूस दाणा न दाणा निवडला, पोत्यात टाकला आणि तोंड पुन्हा तीनदा बांधलं. धाकट्यानं नटबोल्ट एका फुटक्या कपात ओतले, झाकण धुतलं आणि ऑगस्टवर बसवलं. बसेना तेव्हा हातोडीनं ठोकलं. आत पिवळे दाणे होते. रोखबाईनं महिना पुन्हा मांडला होता, या वेळी बारा-बारा पोत्यांच्या हिशेबानं. सगळी देणी काढून तळाशी चार उरले होते. चार म्हणजे फार नाही. कोठारात सड जास्त लागली तर तीन होतील. पण ते पिवळे होते.

दिवे लावायच्या सुमाराला फाटकाकडून धप् धप् आवाज आला. भाऊजी कुणाला न सांगता उद्याची पोती कोठारातून काढून फाटकाशी रचत होते. तोंडानं पुटपुटत होते. काय पुटपुटत होते ते ऐकू येत नव्हतं आणि रोखबाईनं जवळ जाऊन ऐकलंही नाही. तिनं ओट्यावरूनच पोती मोजली. अकरा होती. ती बाराव्याची वाट बघत थांबली, ते आल्यावर आत गेली.

खानावळवाल्याचा टेम्पो उद्या सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी येईल, बारा पोती चढतील, आणि नोटा दोनदा मोजून होईपर्यंत फाळका उघडा राहील.